दंड, अंतस्थ आणि वेतनमर्यादा : इंग्लिश व्यावसायिक फुटबॉलमधील एका शिक्षेचा इतिहास

फुटबॉलच्या खेळाडूंना संघटनेने केलेला दंड हा विषय विद्यापीठीय पत्रिकेत आलेला पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण भाषाशास्त्राचे, त्यामुळे या विषयाकडे तो प्रथम वळला तो एका शब्दाच्या पाठीमागून. इंग्रजीत दंडाला ‘फाइन’ म्हणतात. हा शब्द लॅटिन ‘फीनिस’ म्हणजे ‘शेवट’ यापासून जुन्या फ्रेंचमार्गे आला. मध्ययुगीन व्यवहारात वाद मिटविण्यासाठी, प्रकरण संपविण्यासाठी जी रक्कम भरावयाची तो ‘फाइन’. संस्कृत ‘दण्ड’ याच्या मुळाशी मात्र शेवट नाही, काठी आहे. एका शब्दात प्रकरण मिटते, दुसऱ्यात पाठीवर वळ उठतो. आपल्याकडे पेशवाईच्या न्यायव्यवहारात वाद जिंकणाऱ्याकडून ‘हरकी’ आणि हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’ घेत, हे त्या काळची कागदपत्रे वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. गुन्हेगारी हा शब्द आज गुन्ह्याच्या प्रवृत्तीला लागतो. तेव्हा तो भरावयाच्या रकमेचे नाव होता. तीतही प्रकरणावर पडदा पाडण्याचा अर्थ होताच.

इंग्लंडमधील फुटबॉलच्या इतिहासात खेळाडूंना जे दंड झाले त्यांत प्रकरण संपविण्याचा अर्थ किती आणि काठीचा किती, हा प्रश्न मनात ठेवून पुढील विवेचन केले आहे. त्यासाठी १९०५-०६ चे मँचेस्टर सिटी प्रकरण केंद्रस्थानी घेतले आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे प्राप्त आहे. फुटबॉल असोसिएशन ही इंग्लंडमधील खेळाची नियामक संस्था १८६३ साली स्थापन झाली. तिचे आरंभीचे धुरीण शाळा-महाविद्यालयांतून खेळ शिकलेले सुखवस्तु गृहस्थ होते. लँकाशायरमधील गिरणगावांचे क्लब मात्र १८८० च्या सुमारास स्कॉटलंडमधून चांगले खेळाडू आणून त्यांना गुपचूप पैसे देऊ लागले. सामना संपल्यावर खेळाडूच्या बुटात नाणी ठेवलेली असत, अशी आख्यायिका आहे. इंग्रजीत अशा पैशाला ‘बुटातला पैसा’ हे नाव पडले ते त्यावरूनच. अखेर २० जुलै १८८५ रोजी असोसिएशनने व्यावसायिक खेळाला मान्यता दिली, आणि १८८८ साली विल्यम मॅग्रेगर यांच्या पुढाकाराने बारा क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली.

मान्यता दिली खरी, पण ती मोकळ्या मनाने दिली नव्हती. खेळाडूची नोंदणी क्लबाच्या नावे व्हावयाची. हंगाम संपल्यावरही क्लबाने ठरविले तर ती नोंदणी क्लबाकडेच राहावयाची आणि क्लबाच्या संमतीवाचून त्याला लीगमधील दुसऱ्या क्लबाकडून खेळता येत नसे. या व्यवस्थेला ‘राखणे आणि बदली’ असे नाव होते. बदलीची किंमत एक क्लब दुसऱ्या क्लबाला देई. खेळाडूने करारावर सही केली नाही तर त्याला वेतन नाही, आणि दुसरीकडे खेळावयाची मुभाही नाही. याला १९०१-०२ च्या हंगामापासून दुसऱ्या कुलुपाची जोड मिळाली. कोणत्याही खेळाडूस आठवड्याला चार पौंडांहून अधिक वेतन देऊ नये, आणि सामना जिंकल्याबद्दल बक्षीसही देऊ नये, असा नियम झाला. लहान क्लबांचे म्हणणे असे, की मर्यादा नसेल तर सगळे चांगले खेळाडू मोठ्या शहरांत जमा होतील. हे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. परंतु समतेचा सगळा खर्च एकाच पक्षाच्या खिशातून व्हावयाचा होता. क्लबाने खेळाडू विकताना किती किंमत घ्यावी यावर तशी परिणामकारक मर्यादा कधी बसली नाही. १९०५ च्या फेब्रुवारीत मिडल्सबरोने सुंदरलंडच्या आल्फ कॉमन याच्यासाठी एक हजार पौंड मोजले.

चार पौंड ही त्या काळी कुशल कारागिराच्या वेतनाच्या सुमारे दुप्पट रक्कम होती, हे न्यायाच्या दृष्टीने सांगितले पाहिजे. तेव्हा खेळाडू उपाशी मरत होते असे चित्र रंगविण्याचे कारण नाही. तथापि कारागिराचे हात साठीपर्यंत चालत. खेळाडूचा गुडघा एका दुपारी निकामी होई.

आता बिली मेरेडिथकडे वळू. वेल्समधील चर्क या खाणगावचा हा मुलगा लहानपणीच कोळशाच्या खाणीत कामाला लागला होता. उजव्या बगलेवर तोंडात दात कोरण्याची काडी धरून धावणारा हा खेळाडू त्या काळात व्यंगचित्रकारांचा लाडका होता. १९०४ साली मँचेस्टर सिटीने बोल्टनचा पराभव करून असोसिएशनचा चषक जिंकला, तो एकमेव गोल त्याचाच. पुढच्या हंगामाच्या अखेरच्या दिवशी, २९ एप्रिल १९०५ रोजी, लीगचे विजेतेपद मिळविण्याच्या आशेने सिटीचा संघ ॲस्टन व्हिलाविरुद्ध मैदानात उतरला. सामना अत्यंत धसमुसळा झाला, मारामारी झाली, आणि सिटी ३-२ अशी हरली. त्यानंतर व्हिलाचा कर्णधार ॲलेक लीक याने आरोप केला, की सामना सोडण्यासाठी मेरेडिथने आपल्याला दहा पौंड देऊ केले होते.

असोसिएशनने चौकशी करून मेरेडिथला १९०५-०६ च्या हंगामापुरते खेळातून दूर केले. त्याने आरोप नाकारला. प्रकरण येथेच थांबले असते, तर ते एका खेळाडूच्या नैतिक पतनाची कथा म्हणून विसरले गेले असते. परंतु बंदीच्या काळात क्लब त्याला वेतन देईना. क्लबाचे म्हणणे, नियमाने मनाई आहे. मेरेडिथचे म्हणणे असे, की जे काही झाले ते व्यवस्थापकाला माहीत असताना आणि संघाच्या हितासाठी झाले, मग एकट्याने का सोसावे? तो पैशासाठी क्लबाच्या कचेरीत येऊन तगादा लावू लागला. तेव्हा क्लबानेच त्याच्याविरुद्ध असोसिएशनकडे तक्रार केली. क्लबाचा हा डाव अंगलट आला. मेरेडिथने उघडपणे सांगून टाकले, की सिटीच्या यशाचे रहस्य वेतनमर्यादेच्या उल्लंघनातच आहे. स्वतः आपल्यालाही चारऐवजी सहा पौंड मिळत होते.

असोसिएशनचा हिशेबतपासनीस वह्या घेऊन बसला. १९०६ च्या मे महिन्याच्या शेवटी निर्णय जाहीर झाला. व्यवस्थापक टॉम मेली आणि माजी अध्यक्ष यांना इंग्लिश फुटबॉलमधून बेमुदत दूर करण्यात आले. क्लबाला २५० पौंड दंड झाला. आजी व माजी मिळून सतरा खेळाडूंना एकूण ९०० पौंड दंड, १ जानेवारी १९०७ पर्यंत खेळबंदी, आणि पुन्हा कधीही सिटीकडून न खेळण्याची आज्ञा झाली. मेरेडिथच्या वाट्याला १०० पौंड आले.

या आकड्यांपाशी क्षणभर थांबले पाहिजे. अधिक पैसे देण्याचे ठरविले क्लबाने, दिले क्लबाने, वह्यांत लपविले क्लबाने. आणि क्लबाचा दंड हा खेळाडूंच्या एकत्रित दंडाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. शंभर पौंड म्हणजे मर्यादेतील वेतनाचे पंचवीस आठवडे, तेही खेळबंदीमुळे मिळकत बंद असताना भरावयाचे. खेळाडूंनी खोटे बोलून पैसे घेतले हे खरे आहे, आणि लीकला पैसे देऊ करण्याचा प्रकार तर कोणत्याही मोजमापाने निंद्यच. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की लाच देऊ करणारा एक आणि ठरल्यापेक्षा दोन पौंड जास्त वेतन घेणारे सोळा एकाच पंगतीत बसविले गेले. फसवणूक आणि मोबदला यांतला भेद त्या निर्णयाने पुसला.

नियमबाह्य वेतनाला मराठीत काय म्हणावे, याचा विचार करताना ‘लाच’ हा शब्द बसत नाही आणि ‘वेतन’ही बसत नाही. पेशवाईतील कागदांत एक शब्द आहे : ‘अंतस्थ’. कमाविसदार-मामलेदारांनी वरच्या दरबारी मंडळींना आतून पोचवावयाची रक्कम ती अंतस्थ. ती गुप्त असे, पण सर्वांना माहीत असे. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात दरबारखर्चाच्या या प्रथेची दखल घेतली आहे. सिटीचे दोन जादा पौंड याच जातीचे होते. (व्याकरणात य, र, ल, व या वर्णांना अंतस्थ म्हणतात, कारण ते धड स्वरांत नाहीत, धड व्यंजनांत नाहीत. हा योगायोगच, पण या प्रसंगी तो विसरवत नाही.) नियमाचे उल्लंघन असे सार्वत्रिक आणि सर्वज्ञात असते तेव्हा दंड हा एखाद्यालाच, आणि बहुधा भांडण झाल्यावरच, होतो. मेरेडिथने तोंड उघडले नसते तर सिटीच्या वह्या उघडल्या नसत्या.

परिणाम तत्काळ दिसले. सिटीने १९०६ च्या सप्टेंबरमध्ये नवखा संघ उतरविला. पहिल्याच दिवशी असह्य उन्हाळ्यात वुलिच आर्सेनलविरुद्ध खेळताना खेळाडू एकामागून एक कोसळले आणि सामना संपला तेव्हा सिटीचे सहाच गडी मैदानात उरले होते. लगेच पुढच्या सामन्यात एव्हर्टनने त्यांना ९-१ असे हरविले. दंडित खेळाडूंचा लिलाव मँचेस्टरच्या क्वीन्स हॉटेलात झाला. मेरेडिथ, सँडी टर्नबुल, बर्जेस आणि बॅनिस्टर हे चौघे रस्त्यापलीकडे, म्हणजे मँचेस्टर युनायटेडमध्ये गेले. १९०८ साली युनायटेडने पहिले लीग विजेतेपद आणि १९०९ साली चषक जिंकला. चषकाच्या अंतिम सामन्यातील एकमेव गोल टर्नबुलचा होता. नियम मोडल्याबद्दल विखुरलेल्या संघाच्या अवशेषांवर शेजारच्या क्लबाची कीर्ती उभी राहिली, ही या प्रकरणातील सर्वांत बोलकी विसंगती होय.

परंतु इतिहासाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची घटना २ डिसेंबर १९०७ रोजी मँचेस्टरच्या इंपीरियल हॉटेलात घडली. तेथे खेळाडूंची संघटना स्थापन झाली, आणि सभेच्या अध्यक्षस्थानी मेरेडिथ होता. दंडाने प्रकरण संपले नव्हते हे सिद्ध होण्यास दीड वर्ष पुरले. १८९८ साली अशाच एका संघटनेचा प्रयत्न होऊन तो लवकरच फसला होता. या वेळी वादाचा मुद्दा केवळ चार पौंडांचा राहिला नाही. खेळाडूने न्यायालयात जाण्यापूर्वी असोसिएशनची परवानगी घ्यावी, असा दंडक होता. संघटनेला तो मान्य नव्हता. १९०९ साली असोसिएशनने संघटनेची मान्यता काढून घेतली आणि खेळाडूंना तिचे सदस्यत्व सोडण्यास फर्माविले. युनायटेडचे खेळाडू अडून बसले. क्लबाच्या मैदानावर मज्जाव झाल्यामुळे त्यांनी दुसरीकडे सराव केला आणि ‘बहिष्कृत फुटबॉल क्लब’ असा फलक समोर ठेवून छायाचित्र काढविले. हंगामाच्या तोंडावर तडजोड होऊन संघटना टिकली, पण वेतनमर्यादाही टिकली.

येथे खेळाडूचे कायद्यातील स्थान काय, हा प्रश्न उभा राहतो. १८९६ च्या इंग्लिश ट्रक ॲक्टने मालकाने कामगाराला केलेल्या दंडावर बंधने घातली होती : दंडाची अट लेखी असावी, कोणत्या कृत्याबद्दल दंड होणार हे स्पष्ट असावे, आणि रक्कम वाजवी असावी. पण तो कायदा मालकाला उद्देशून होता, आणि असोसिएशन ही खेळाडूची मालक नव्हती. ती मालकांच्याही वर बसलेली खासगी संस्था होती. व्यावसायिक फुटबॉलपटू हा नुकसानभरपाईच्या कायद्याखाली ‘कामगार’ आहे, असा निर्णय क्रिस्टल पॅलेस क्लबाविरुद्धच्या खटल्यात अपील न्यायालयाने दिला, आणि त्यानंतर १९१२ साली हर्बर्ट किंगबी याने ॲस्टन व्हिलाविरुद्ध बदलीच्या पद्धतीला आव्हान दिले. तो खटला खेळाडू हरला आणि खर्चाने संघटना जवळजवळ बुडाली. म्हणजे अपघात झाला तर खेळाडू कामगार. करार संपला तरी मात्र क्लबाचा.

आपल्याकडील तुलना येथे उद्बोधक ठरावी. मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगारांना होणारे दंड हा दीर्घकाळ तक्रारीचा विषय होता. नारायण मल्हार जोशी ज्याचे सदस्य होते त्या रॉयल लेबर कमिशनने या प्रश्नाचा ऊहापोह केला, आणि पुढे १९३६ चा वेतन अदायगी कायदा झाला. त्यात एका वेतनकाळातील दंड रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक नसावा, कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी मिळावी आणि दंडाची रक्कम कामगारांच्याच हितासाठी खर्च व्हावी, अशी तरतूद होती. अर्धा आणा म्हणजे रुपयाचा बत्तिसावा भाग. हे प्रमाण मेरेडिथला लावून पाहिले, तर चार पौंडांच्या साप्ताहिक वेतनावर त्याला फार तर अडीच शिलिंग दंड झाला असता, आणि शंभर पौंड वसूल होण्यास आठशे आठवडे, म्हणजे पंधरा वर्षांहून अधिक काळ लागला असता. काळ वेगळा, देश वेगळा, हे मान्य. पण शिक्षेचे वजन समजण्यास हा हिशेब उपयोगी पडतो.

पुढील पन्नास वर्षांचा वृत्तान्त भराभर सांगता येईल, कारण त्यात तेच ते आहे. १९१९ साली लीड्स सिटी या क्लबावर युद्धकाळात नियमबाह्य पैसे दिल्याचा आरोप झाला. वह्या दाखविण्यास नकार दिल्यामुळे क्लबच लीगमधून काढला गेला आणि खेळाडू हॉटेलात लिलावाने विकले गेले. मर्यादा १९२० साली नऊ पौंड झाली, १९२२ साली आठवर उतरली. दुसऱ्या महायुद्धानंतर मैदाने ओसंडून वाहत असतानाही १९४७ साली ती बारा पौंड होती.

१९५७ मध्ये सुंदरलंड प्रकरण उघडकीस आले. एका निनावी पत्रावरून चौकशी झाली. त्यापूर्वी ट्रेव्हर फोर्ड या खेळाडूने आत्मचरित्रात अशा रकमांची वाच्यता केली होतीच. क्लबाला पाच हजार पौंड दंड झाला; अध्यक्ष खेळातून दूर झाले, व्यवस्थापकालाही दंड झाला. १९०६ च्या मानाने क्लबाचा वाटा आता मोठा होता. या खेपेस खेळाडूंनी चौकशी समितीच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचे नाकारले आणि त्यांच्यावर ‘सीने दीए’ बंदी आली. ‘दिवसावाचून’ असा या लॅटिन शब्दांचा अर्थ. मूळ वापर सभा वा न्यायालय पुढील तारीख न नेमता तहकूब करण्याचा. तहकुबीची भाषा माणसाच्या उपजीविकेला लावली गेली. त्यावर खेळाडूंच्या संघटनेचा नवा अध्यक्ष जिमी हिल याने एक साधी युक्ती केली. आपणही केव्हातरी असे पैसे घेतले आहेत, अशा कबुलीवर त्याने सुमारे अडीचशे खेळाडूंच्या सह्या मिळविल्या. सर्वांनाच दंड करा, नाहीतर कोणालाच करू नका, हा त्याचा आशय. अंतस्थ जाहीर झाले की दंडाची पकड सुटते. चार वर्षांनी, १८ जानेवारी १९६१ रोजी, संपाच्या धमकीपुढे लीगने मान तुकविली आणि वीस पौंडांची मर्यादा गेली. फुलहॅमच्या जॉनी हेन्सचे वेतन आठवड्याला शंभर पौंड झाले, म्हणजे मेरेडिथचा संपूर्ण दंड एका आठवड्यात. ४ जुलै १९६३ रोजी जॉर्ज ईस्टमच्या खटल्यात न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ‘राखणे आणि बदली’ ही व्यवस्था व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी बंधन ठरविली. किंगबीचा पराभव एक्कावन्न वर्षांनी फिरला.

यानंतर दंड संपले असे नव्हे. २००५ च्या जानेवारीत, लीकच्या आरोपास शंभर वर्षे होत असताना, आर्सेनलचा ॲशली कोल लंडनच्या एका हॉटेलात चेल्सीच्या व्यवस्थापकाला व मुख्याधिकाऱ्याला भेटला. करार चालू असता आपल्या क्लबाच्या संमतीवाचून दुसऱ्या क्लबाशी बोलू नये, हा प्रीमिअर लीगचा नियम त्याने मोडला होता. त्याला एक लाख पौंड दंड झाला, चेल्सीला तीन लाख, चेल्सीचे व्यवस्थापक जोझे मुरिन्यो यांना दोन लाख. अपिलात कोलचा आणि मुरिन्यो यांचा दंड प्रत्येकी पंचाहत्तर हजारांवर आला. व्यवसायस्वातंत्र्याचा मुद्दा कोलच्या बाजूने मांडला गेला होता, पण नियम टिकला. स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवादाने तर आपल्याला या प्रकरणात अधिकारच नाही असे सांगितले. आर्सेनलने आपल्याला आठवड्याला पंचावन्न हजार पौंड देऊ केले, ते ऐकून आपण कसे संतापलो, हे त्याने २००६ साली आत्मचरित्रात लिहिले आणि स्वतःचे हसे करून घेतले. त्या मानाने त्याचा दंड दीड आठवड्याच्या वेतनाहून कमी ठरतो. मेरेडिथचा पंचवीस आठवड्यांचा होता.

२००६ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस कोल चेल्सीत गेला. बदल्यात आर्सेनलला विल्यम गालास हा खेळाडू आणि वर पन्नास लाख पौंड मिळाले. हॉटेलातील ज्या बोलण्याबद्दल सर्वांनी दंड भरला होता, त्याच बोलण्याचे करारपत्र दोन्ही क्लबांच्या सह्यांनिशी लीगच्या दप्तरी रीतसर दाखल झाले.